उजवा दंड, डावा खांदा : हाडांत उतरलेला सराव

११ ऑक्टोबर १९८२ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथजवळच्या सोलेंट सामुद्रधुनीतून 'मेरी रोझ' या युद्धनौकेचा सांगाडा पाण्याबाहेर काढण्यात आला. आठव्या हेन्रीच्या आरमारातील ही नामांकित नौका १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी सामना चालू असताना बुडाली होती, आणि राजा स्वतः किनाऱ्यावरून ते पाहत होता. नौकेवर चारशेहून अधिक माणसे होती. वाचलेल्यांची संख्या चाळिशीच्याही आत राहिली. नौका उजव्या कुशीवर कलंडून चिखलात रुतली, म्हणून तिची उजवी बाजू टिकली आणि तिच्यासोबत किमान १७९ माणसांच्या अस्थीही टिकल्या. आजचा हा दीर्घ धागा त्या अस्थींपैकी खांदे आणि दंड यांच्याविषयी आहे.

विषय अपरिचित वाटला तरी त्याचे दृश्य रूप आपण दूरचित्रवाणीवर अनेकदा पाहिलेले आहे. राफाएल नदालचा डावा दंड आठवून पाहावा. साठच्या दशकातील ऑस्ट्रेलियन टेनिसपटू रॉड लेव्हरचा डावा हात तर त्याच्या खेळाइतकाच चर्चेत असे. जो खेळाडू वर्षानुवर्षे एकाच हाताने फटके मारतो, चेंडू फेकतो किंवा भाला भिरकावतो, त्याचे शरीर दोन्ही अंगांनी सारखे राहत नाही. स्नायू वाढतात हे उघड्या डोळ्यांना दिसते. त्याखालचे हाडही बदलते, हे मात्र दिसत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके तेच हवे असते, कारण स्नायू मातीत नाहीसे होतात आणि हाड राहते.

मेरी रोझकडे वळू. नौकेवर १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सापडले. हे धनुष्य म्हणजे इंग्रजांचे प्रसिद्ध 'लाँगबो', यू नावाच्या वृक्षाच्या लाकडातून कोरलेले, माणसाच्या उंचीहूनही लांब. शंभर वर्षांच्या युद्धात क्रेसी (१३४६) आणि आझँकूर (१४१५) येथे ज्या शस्त्राने फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली, ते या नौकेपूर्वी अभ्यासकांच्या हाती जवळजवळ नव्हतेच. ते ओढायला किती बळ लागत असेल यावर नुसते तर्क चालत. मेरी रोझवरील धनुष्यांची मापे घेऊन आणि तशीच नवी धनुष्ये घडवून पाहिल्यावर जे आकडे आले, ते अनेकांना आधी खरेच वाटेनात. पूर्ण ताणण्यासाठी सुमारे ४५ किलोंपासून थेट ८० किलोंच्या घरातील वजन उचलण्याइतका जोर! आजच्या ऑलिंपिकमधील पुरुष तिरंदाजाच्या धनुष्याचा ताण वीस-बावीस किलोंच्या आसपास असतो. (या धनुष्यांच्या अभ्यासात मेरी रोझ संस्थेला सल्ला देणारे एक जाणकार होते अभिनेते रॉबर्ट हार्डी. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतील जादूमंत्री कॉर्नेलियस फज तो हाच.)

एवढे जड धनुष्य सैन्यात भरती झाल्यावर एखाद-दुसऱ्या वर्षात शिकता येत नाही. त्यासाठी लहानपणापासून शरीर घडवावे लागते, आणि इंग्लंडच्या राजसत्तेने ते कायद्याने घडवून घेतले. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढले, की सुटीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी तिरंदाजीचा सराव करावा. फुटबॉल, हँडबॉल, कोंबड्यांच्या झुंजी असल्या निरुपयोगी करमणुकींवर त्याने बंदी घातली. आठव्या हेन्रीचा १५४१ चा कायदा आणखी बारकाईत शिरतो. घरात ७ ते १७ वर्षांचा मुलगा असेल, तर त्याच्यासाठी एक धनुष्य आणि दोन बाण ठेवणे बापाला बंधनकारक. चोवीस वर्षे पूर्ण झालेल्या पुरुषाने २२० यार्डांच्या, म्हणजे सुमारे दोनशे मीटरच्या आतील लक्ष्यावर बाण सोडायचा नाही. फुटबॉलवरील बंदी ही या कायद्यांतील गमतीची बाजू म्हणून नेहमी सांगितली जाते. मला सात वर्षांचे कलम अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे राज्य शेतकऱ्याच्या मुलाच्या खांद्यावर हक्क सांगत आहे. त्या मुलाला अजून दुधाचे दात आहेत.

हा सराव घरोघरी कसा चाले याचे वर्णन बिशप ह्यू लॅटिमर यांनी १५४९ मध्ये बालराजा सहाव्या एडवर्डसमोर दिलेल्या प्रवचनात येते. लॅटिमर शेतकऱ्याचे पुत्र. ते सांगतात, की वडिलांनी त्यांना नुसत्या हाताच्या जोरावर धनुष्य ओढण्याऐवजी सारे अंग धनुष्यात घालायला शिकवले. वय आणि ताकद वाढेल तसतसे त्यांना अधिकाधिक जड धनुष्य घेऊन दिले. व्यायामशास्त्राच्या आजच्या भाषेत याला टप्प्याटप्प्याने भार वाढवणे म्हणतात. योगायोग असा, की इंग्रजीतील तिरंदाजीवरचा पहिला ग्रंथ, रॉजर अ‍ॅशमचा 'टॉक्सोफिलस', मेरी रोझ बुडाली त्याच वर्षी छापला गेला आणि तो हेन्रीलाच अर्पण केलेला आहे. लॅटिमर आणि अ‍ॅशम दोघेही शिकलेले, दरबारापर्यंत पोहोचलेले. प्रत्यक्ष रणात बाण सोडणाऱ्या हजारो साध्या माणसांनी स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. त्यांचे दफ्तर असलेच तर ते त्यांच्या अंगातच.

हे दफ्तर वाचायला बसल्या त्या अस्थिरोगतज्ज्ञ अ‍ॅन स्टर्लंड. त्यांनी मेरी रोझवरील पुरुषांच्या दंडाच्या हाडांची तुलना नॉरिच शहरातील एका मध्ययुगीन गरीब वस्तीच्या दफनभूमीतील पुरुषांशी केली. यातील गंमत समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्यापैकी बहुतेक जण उजवे असतात, त्यामुळे सामान्य माणसाचाही उजवा दंड डाव्याहून किंचित लांब आणि जाड असतो. थोडा असमतोल हीच माणसाची स्वाभाविक स्थिती. आता जड धनुष्य ओढणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. उजवा हात प्रत्यंचा कानापर्यंत मागे खेचतो, पाठीचे स्नायू त्याला साथ देतात. पण डावा हातही तितक्याच जोराला तोंड देत धनुष्य पुढे रेटून धरतो. कामे वेगळी, भार मात्र दोघांवर. म्हणून धनुर्धराच्या हाडांत जे अपेक्षित आहे ते टेनिसपटूच्या अगदी उलट : रोजच्या कामाने उजवीकडे झुकलेले पारडे डावा खांदा पुन्हा सावरून आणतो. स्टर्लंड यांना खांद्यापाशी नेमके तसे आढळले. मेरी रोझवरील पुरुषांत डाव्या-उजव्यातील अंतर नॉरिचच्या तुलनेत कमी होते.

दुसरा पुरावा खांद्याच्या पात्याच्या टोकाचा. हे टोक लहानपणी कूर्चेचे असते, त्यात हाडाचे स्वतंत्र तुकडे तयार होतात आणि विशीच्या सुमारास ते मुख्य हाडाशी सांधले जातात. काही थोड्या लोकांत हा सांधा जुळतच नाही. मेरी रोझवर अशा न जुळलेल्या खांद्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक निघाले. हाड जुळण्याच्या वयात त्यावर सतत जबर ताण पडत राहिला, म्हणून ते जुळू शकले नाही, असा त्याचा अर्थ स्टर्लंड यांनी लावला. कायद्यातील ७ ते १७ ही वर्षे आणि हा सांधा, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की अंगावर काटा येतो.

वापराने हाड बदलते, हे ठामपणे कशावरून म्हणायचे? तत्त्व जुने आहे. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, की हाडावर जसा भार येतो तशी त्याची रचना बदलत जाते. पण माणसांत हे तपासणे अवघड. दोन माणसांची हाडे वेगळी निघाली तर त्याचे कारण आहार, आनुवंशिकता, आजार यांपैकी काहीही असू शकते. येथे टेनिसपटू मदतीला आले. एकाच माणसाचे दोन हात म्हणजे निसर्गानेच मांडलेला प्रयोग : रक्त तेच, अन्न तेच, वय तेच, फरक केवळ रॅकेटचा. १९७७ मध्ये ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळत्या हाताच्या दंडातील हाडाची बाहेरची घट्ट भिंत दुसऱ्या हाताच्या तुलनेत पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के अधिक जाड होती. स्नायूंचा फुगवटा वेगळाच, ही केवळ हाडाची गोष्ट.

त्याहून मोलाचा अभ्यास १९९५ मध्ये फिनलंडमधून आला. राष्ट्रीय पातळीवर टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांत, ज्यांनी पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळायला आरंभ केला होता, त्यांच्या दोन हातांच्या हाडांतील फरक उशिरा खेळू लागलेल्या स्त्रियांच्या दुपटी-चौपटीने अधिक होता. वाढत्या वयातील हाड ओल्या मातीसारखे असते, नंतर ते भाजून निघते. सोळाव्या शतकातील इंग्रज राज्यकर्त्यांना अस्थिशास्त्र ठाऊक नव्हते. पण सात वर्षांपासून सुरुवात करा हा त्यांचा व्यवहारी आग्रह शरीराच्या याच नियमावर बसला होता.

हा बदल टिकतो किती? २०१४ मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या फेकीच्या हाताची तपासणी झाली. खेळ सोडून कित्येक दशके लोटली, तरी तरुणपणी कमावलेल्या हाडाच्या आकारापैकी निम्मा आणि बळकटीपैकी एक तृतीयांश वाटा आयुष्यभर टिकून होता. स्नायू काही महिन्यांत ओसरतात. हाडाचा बाहेरचा घेर मात्र सहसा मागे येत नाही. क्षीण होते ते आतून. तरुणपणीचा सराव म्हाताऱ्याच्या सांगाड्यात वाचता येतो तो यामुळेच.

इथपर्यंतचा भाग उत्साह वाढवणारा आहे. आता थोडे सावध होऊ.

मेरी रोझवरील कोणत्याही हाडावर 'धनुर्धर' असे लिहिलेले नाही. १५४६ च्या आरमारी नोंदीत या नौकेवर १८५ सैनिक, २०० खलाशी आणि ३० गोलंदाज दाखवले आहेत. धनुर्धरांचा वेगळा रकाना नाही. शिडाचे दोर ओढणारा खलाशी आणि जड तोफ मागेपुढे रेटणारा गोलंदाज यांच्याही खांद्यांवर दोन्ही बाजूंनी भार येतोच. खांद्याचे टोक न जुळण्यामागे काही प्रमाणात आनुवंशिकताही असू शकते. शिवाय कायदा सर्वच मुलांना लागू होता, म्हणजे पुढे तोफेवर गेलेला माणूसही लहानपणी धनुष्य ओढत वाढलेला असणार. म्हणून समूहाविषयी बोलता येते. एका सांगाड्याकडे बोट दाखवून 'हा धनुर्धर' म्हणणे धाडसाचे ठरते. वृत्तपत्रे आणि माहितीपट हे धाडस सर्रास करतात.

या धाडसामागे एक खोड आहे. जुन्या हाडांत आपल्याला योद्धा पाहायला आवडतो. याचे उत्तम उदाहरण निअँडरथल मानवाचे. त्यांचा उजवा दंड डाव्याहून कितीतरी भक्कम असे, हे बऱ्याच काळापासून ठाऊक होते. स्पष्टीकरण ठरलेले : हे लोक भाल्याने मोठी जनावरे भोसकत, त्याचा हा परिणाम. चित्रही रुबाबदार. २०१२ मध्ये केंब्रिजच्या कॉलिन शॉ आणि सहकाऱ्यांनी साधी गोष्ट केली. त्यांनी आजच्या पुरुषांच्या खांद्यांवर स्नायूंची हालचाल मोजणारी साधने लावली आणि त्यांना भाला भोसकायला लावला. दोन्ही हातांनी धरलेला भाला भोसकताना उजव्याऐवजी दुसऱ्या हाताचेच काही स्नायू अधिक राबत होते. म्हणजे त्यातून उजवा दंड तेवढा वाढण्याचे कारण उरत नाही. मग त्यांच्याकडून कातडे खरवडण्यासारखे काम करून घेतले. त्यात उजवा हात जोरात राबला. निअँडरथलांच्या भक्कम दंडामागे शिकारीच्या पराक्रमापेक्षा तासन् तास चालणारे कातडे कमावण्याचे काम असण्याची शक्यता त्यामुळे बळावली. हा शेवटचा शब्द नाही. पण घाणीचे, कंटाळवाणे, कुणी पोवाडा न रचणारे काम हाडावर अधिक खोल ठसा उमटवते, ही शक्यता मला इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

आतापर्यंत आपण असमतोल हातांकडे पुरावा म्हणून पाहिले. एकोणिसाव्या शतकातील युरोपने त्यांच्याकडे दोष म्हणून पाहिले, आणि या वळणावर आपल्याकडच्या तालमीचा संबंध येतो. कंपनीच्या सैन्यातील इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातील सैनिक आणि पैलवान मुद्गल फिरवताना पाहिले. तेथून हा व्यायाम त्यांच्या सैन्यात आणि पुढे लंडनच्या व्यायामशाळांत 'इंडियन क्लब' या नावाने पोहोचला. डोनल्ड वॉकर यांच्या १८३४ च्या व्यायामविषयक पुस्तकात त्याला स्थान मिळाले. १८३६ मध्ये त्यांनी खास स्त्रियांसाठी दुसरे पुस्तक काढले, त्यात एकांगी सवयींमुळे शरीराला येणारा बेढबपणा टाळण्यासाठी हलक्या मुद्गलांचे प्रकार सुचवले. सतत एकाच हाताने काम केल्याने खांदा आणि पाठ वाकडी होते, यावर तोड म्हणून दोन हातांत दोन मुद्गल. आपल्याकडे तालमीत उजव्याचे जितके हात, तितकेच डाव्याचे, हा रिवाज होताच. त्यासाठी कुणाला सिद्धान्त मांडावा लागला नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत पुढे या देशी व्यायामाची तपशीलवार नोंद झाली. मात्र तोवर तेच मुद्गल, सडपातळ आणि रंगवलेले, विलायतेहून परत येऊन येथील शाळांच्या कवायतीत शिरले होते.

समतोलाच्या या ओढीला विसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ धर्माचे रूप आले. १९०३ मध्ये लंडनमध्ये दोन्ही हातांच्या सारख्या शिक्षणाचा प्रचार करणारी संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक जॉन जॅक्सन यांच्या १९०५ च्या पुस्तकाला बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांची प्रस्तावना आहे. नुकत्याच संपलेल्या बोअर युद्धात इंग्रजी शिपायाचे शरीर कमी पडले, ही बोच त्या काळच्या अशा साऱ्या चर्चांमागे होती. डाव्या हाताला शिकवा म्हणजे मेंदूचा दुसरा भागही जागा होईल, सैनिक दोन्ही हातांनी लढेल, असा दावा. जेम्स क्रिक्टन-ब्राउन यांच्यासारख्या नामवंत वैद्यांनी या कल्पनेला कडाडून विरोध केला. आपल्याकडे या आदर्शाला फार पूर्वीपासून एक शब्द आहे : सव्यसाची, डाव्या हातानेही बाण सोडू शकणारा अर्जुन. आज तो शब्द आपण चतुरस्र संपादकांना आणि लेखकांना लावतो, पण मुळात तो खांद्यांच्या सरावाचा शब्द आहे. लॅटिमरच्या वडिलांना तो लगेच कळला असता.

या ओढीची सर्वांत स्पष्ट खूण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दिसली. तेथे भालाफेक, थाळीफेक आणि गोळाफेक यांच्या नेहमीच्या स्पर्धांबरोबर 'दोन्ही हातांनी' अशा वेगळ्या स्पर्धा ठेवल्या गेल्या. एकदा उजव्याने फेकायचे, एकदा डाव्याने, आणि दोन्ही अंतरांची बेरीज करायची. एकांगी खेळाडूपेक्षा सर्वांगाने घडलेला खेळाडू श्रेष्ठ, ही भूमिका.

निकालांचे आकडे बोलके आहेत. थाळीफेकीत फिनलंडच्या आर्मास ताइपालेने एका हाताने ४४.६८ मीटर आणि दुसऱ्याने ३८.१८ मीटर फेक केली. गोळाफेकीत अमेरिकेच्या राल्फ रोझचे दोन हात १५.२३ आणि १२.४७ मीटरवर थांबले. भालाफेकीत फिनलंडच्या यूहो सारिस्तोने उजव्या हाताने तब्बल ६१ मीटर फेक केली. नेहमीच्या भालाफेकीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्वीडनच्या एरिक लेमिंगची सर्वोत्तम फेक होती ६०.६४ मीटर. सारिस्तोचा डावा हात ४८.४२ मीटरपर्यंत गेला. दोन्ही हातांच्या खेळातील जगज्जेत्याच्या दोन खांद्यांत साडेबारा मीटरचे अंतर होते. या स्पर्धा ऑलिंपिकमध्ये पुन्हा घेतल्या गेल्या नाहीत.